थांबतो मी, सावकाश ये

आमच्या घरी मला ‘नळ’ म्हणतात. का, ते सांगायला नको. शेजारच्यांचं मांजर हरवलं की मी रडते, आणि सापडलं की त्याहून जास्त रडते. टीव्हीवरच्या जाहिरातीत एखाद्या आजोबांना नातवाचा फोन आला, की मामा गल्लीत ऐकू जाईल असा ओरडतो, "बादल्या लावा रे, नळ आला!"

त्यामुळे त्या दुपारी मी एका अनोळखी माणसासमोर मुसमुसून रडले, याचं मामाला काडीचंही नवल वाटलं नाही. नवल वाटलं त्या माणसाला. बिचारा नुसता भिंतीवरची अक्षरं वाचत होता.

मामाचं चष्म्याचं दुकान आहे. पुढे काचेच्या कपाटांत फ्रेम्स, मागे एक अरुंद, अंधारी खोली, आणि त्या खोलीत मी. मी डोळे तपासते. समोर उजळलेला अक्षरांचा तक्ता, खुर्चीत पेशंट, आणि माझ्या तोंडी दिवसभर एकच प्रश्न — "पहिलं बरं, की दुसरं?"

तो आला तेव्हा बाहेर पाऊस रिपरिपत होता. उंच, जरासा पोक काढून चालणारा, गळ्याला मफलर, हातात ठिबकणारी छत्री. छत्री कुठे ठेवू, हे त्याने भुवया उंचावून विचारलं. काय त्रास होतोय म्हणून मामाने विचारलं, तर त्याने आधी डोळ्यांकडे बोट दाखवलं, मग गळ्याकडे, आणि हात हलवून ‘नको’ अशी खूण केली.

"अगं, याला बोलता येत नाही वाटतं," मामा माझ्या कानात कुजबुजला. म्हणजे मामाच्या मानाने कुजबुजला. "हा तक्ता कसा वाचणार?"

तो हसला. आवाज न करता, नुसते खांदे हलवून.

मी त्याला आत बसवलं, नाकावर तपासणीची ती जडशीळ गोल फ्रेम चढवली, एक डोळा झाकला. "थोडं तरी बोलावं लागेल हं," म्हटलं. "वाचा वरून."

"ग," तो म्हणाला. "म… प… र…"

आणि हातातली लेन्स माझ्या हातातच राहिली.

खोल, किंचित खरखरीत आवाज. प्रत्येक अक्षर नीट पुसून समोर ठेवल्यासारखा. हा आवाज मला माहीत होता. गेलं वर्षभर मी तो ऐकत आले होते.

तुम्ही ‘निर्वात’ ही मालिका पाहिली असेल, तर पुढचं थोडं सोडून द्या. नसेल पाहिली, तर ऐका. अवकाशात भरकटलेलं एक भलंमोठं यान. आतली माणसं एकेक करून संपत जातात, दिवे एकेक करून विझत जातात, आणि शेवटी उरते एक वैमानिक मुलगी आणि यान चालवणारं यंत्र. त्या यंत्राला चेहरा नाही, हात नाहीत. भिंतीत लुकलुकणारा एक पिवळा दिवा आणि आवाज, बस्स. सगळे त्याला पहारेकरी म्हणतात. मालिका बाहेरची, पण आपल्या भाषेत बोलती केलेली.

माझ्या आईला असलं काळंकुट्ट काही आवडत नाही. "अगं, एखादा बल्ब लावा म्हणावं त्यांना! अर्धा वेळ मला टीव्हीत माझंच तोंड दिसतंय." तरी ती रोज संध्याकाळी माझ्याशेजारी येऊन बसायची. कारण बाबांना जाऊन काही महिने झाले होते, आणि घरात दुसरा कुठला आवाजच उरला नव्हता.

आणि एक सांगते. बाबा गेले तेव्हा नळ आला नाही. लोक भेटायला यायचे, आई माझ्या तोंडाकडे बघायची, आमच्याकडे राहायला आलेला मामा तर विनोद करायचंच विसरला. मी कोरडीठाक. मला स्वतःचीच भीती वाटायला लागली होती.

बाबा मला रोज स्कूटरवरून घ्यायला यायचे. आधी कॉलेजातून, मग कामावरून. मी कायम उशिरा. घाबरत घाबरत फोन करायची, आणि पलीकडून दर वेळी तेच दोन तुकडे यायचे. "थांबतो मी. सावकाश ये." कधी चिडले नाहीत. एकदासुद्धा नाही.

तर ‘निर्वात’च्या त्या पर्वाचा शेवट. वैमानिक छोट्या यानात बसून एकटी मदत शोधायला निघते. उरलेली सगळी वीज पहारेकरी तिला देऊन टाकतो. म्हणजे आता तो बंद पडणार. ती काचेला हात लावते. पिवळा दिवा मंद होत जातो… आणि पहारेकरी म्हणतो —

"थांबतो मी. सावकाश ये."

त्या संध्याकाळी नळ आला. मला आला, आईला आला. आम्ही दोघी सोफ्यावर एकमेकींना घट्ट धरून ओक्साबोक्शी रडलो. मामाने खरोखरच न्हाणीघरातून बादली आणून आमच्यापुढे ठेवली, आणि मग स्वतःही शेजारी बसून रडला. रडून झाल्यावर आईने चहा टाकला. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा त्या चहाला चव होती.

आणि आता तोच आवाज माझ्या खुर्चीत बसून ‘म, प, र’ म्हणत होता!

"तुम्ही… पहारेकरी?" मी विचारलं.

तो गडबडला. "डोळा झाकलेलाच ठेवू, की उघडू?"

झालं. मला रडू कोसळलं. रडत रडत मी त्याला सगळं सांगितलं. बाबा, स्कूटर, बादली, चहा — काही म्हणजे काही सोडलं नाही. "मला थँक यू म्हणायचं होतं हो," मी नाक पुसत म्हणाले. "वर्षभर म्हणायचं होतं. पण कुणाला म्हणणार? दिव्याला?"

तो त्या जाड गोल फ्रेममधून, एका डोळ्याने, माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, हसेल. पण त्याचा चेहरा उतरला.

"ते एक वाक्य सोडून," तो हळूच म्हणाला, "दुसरं काहीही आवडलं असतं ना तुम्हाला… फार बरं झालं असतं."

मी अजून काही विचारणार, एवढ्यात मामाने दार उघडून आत डोकावून पाहिलं. "नळ आला होय? चालू द्या, चालू द्या."

मग मी डोळे पुसून कामाला लागले. लांबचं त्याला जवळपास ठीक दिसत होतं. जवळचं वाचायचं कार्ड हातात दिलं, आणि सगळा घोळ बाहेर आला. ‘धरण’ला त्याने ‘घरण’ वाचलं, ‘भात’ला ‘मात’.

"किती दिवस असं होतंय?"

"बरेच. ध आणि घ तर मला जुळे भाऊच वाटतात. मागे पहारेकऱ्याला म्हणायचं होतं, ‘पुढे धोका आहे.’ मी म्हणालो, ‘पुढे घोका आहे!’ सगळे हसून लोळले. दिग्दर्शक नाही हसले." त्याने कार्ड खाली ठेवलं. "त्यांना वाटतं, मी तयारी करत नाही, टंगळमंगळ करतो. मी सांगितलंच नाही, की मला दिसत नाही. डोळे अधू म्हटल्यावर काम कोण देणार? आता शेवटचं पर्व येतंय. शुक्रवारी चाचणी आहे, म्हणून तर घसा जपतोय. नवी पानं हातात देणार, आणि मी अडखळलो, तर पहारेकऱ्याचा आवाज दुसरा कुणीतरी."

दुसरा कुणीतरी! बाबांचा आवाज एकदा बंद झालाच होता की.

"कुणी दुसरा नाही," मी ठणकावून सांगितलं, जणू मालिका माझ्या मामाची आहे. "तुमचे डोळे ठणठणीत आहेत. नुसता नंबर आहे, आणि तो जरा तिरका आहे. चष्म्याने साफ दिसेल. फक्त लेन्स बाहेरून मागवाव्या लागतील."

"तिरका नंबर?" पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत हसू आलं. "बरं झालं. आजवर लोक मलाच तिरका म्हणत होते."

दुसऱ्या दिवशी तो फ्रेम निवडायला आला. अट एकच, फ्रेमचा आवाज येता कामा नये. "माइक फार चोंबडा असतो," तो म्हणाला. "एकदा माझ्या पोटात कावळे ओरडले, तर अख्खा प्रसंग परत करावा लागला."

मग काय! मामा एकेक फ्रेम कानाशी धरून तिच्या दांड्या उघडमीट करायला लागला. "ही बघ. माझ्या गुडघ्यांपेक्षा कमी वाजते."

"मामा, तुझ्या गुडघ्यांपेक्षा सगळंच कमी वाजतं."

मी त्याच्या नाकावर एक फ्रेम ठेवली, कानामागे नीट बसवली, मग दुसरी. "पहिली बरी, की दुसरी?"

"पहिली परत दाखवा."

"तीनदा दाखवली."

"हो, पण… तुम्ही घालता तेव्हा जवळ येता."

मामाला एकाएकी खोकला आला.

"जवळ येऊन काय उपयोग?" मी गाल तापलेले असताना शक्य तितक्या शांतपणे म्हणाले. "जवळचंच तर तुम्हाला दिसत नाही."

"नाही ना. जवळ आलात की नुसत्या धूसर दिसता. मग तुम्ही सुंदर असाल, असं मी धरून चालतो."

"चष्मा आला की भ्रमनिरास होईल."

"बघू या की."

मामा खोकत खोकत मागच्या खोलीत गेला. तो गेल्यावर मात्र पहारेकऱ्याचं हसू मावळलं. टेबलावरचं चष्मा पुसायचं फडकं घेऊन तो त्याच्या घड्या घालायला लागला.

"मला तुम्हाला एक सांगायचंय. काल रात्रभर डोक्यात तेच होतं. ते वाक्य… ते संवादात नव्हतंच."

"म्हणजे?"

"कागदावर होतं, ‘सर्व यंत्रणा बंद होत आहेत.’ मला ते वाचताच येईना. अक्षरं एकमेकांवर चढलेली. रेकॉर्डिंग करणाऱ्या ताई आहेत ना, त्यांना एकट्यांना माझं गुपित माहीत आहे. त्या म्हणाल्या, थांब, मोठ्या अक्षरात छापून आणते. त्या उठून धावत निघाल्या, आणि मी माइकमध्ये त्यांना म्हणालो…"

"थांबतो मी," मी म्हणाले. "सावकाश ये."

"हो. मी ताईंना ‘ए ताई’च म्हणतो. माइक चालू राहिला होता. नंतर बघतात तर दिव्याच्या लुकलुकण्यावर ते दोन तुकडे असे चपखल बसले, की दिग्दर्शक खुर्चीतून उठले. ‘काय सुचलं तुला!’ म्हणे. मी काय सांगणार, की सुचलं नाही, दिसलं नाही?" त्याने फडकं ठेवून दिलं. "तुम्ही बाबांसाठी रडलात, आणि मी फक्त कागदाची वाट बघत होतो. अभिनयसुद्धा नव्हता तो. मला लाज वाटते."

खोटं कशाला बोलू, क्षणभर मला वाईट वाटलं. आतून काहीतरी काढून घेतल्यासारखं. मी एक स्वच्छ लेन्स घेऊन उगीचच पुसत बसले. दुकानाच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता.

मग मी विचारलं, "तुम्ही तेव्हा चिडला होता?"

"ताईंवर? चिडेन कशाला? माझ्यासाठीच तर गेल्या होत्या त्या."

"आणि खरंच थांबलात?"

"थांबलो की."

"मग झालं तर," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता मलाच हलकं वाटायला लागलं. "माझे बाबा तरी कुठे अभिनय करत होते? तुम्ही खरंच कुणासाठी तरी थांबला होता, म्हणूनच तर ते मला ओळखू आलं! काल मी पहारेकऱ्याला थँक यू म्हटलं. आज तुम्हाला म्हणते. थँक यू."

जाताना तो छत्री विसरला, ती न्यायला परत आला, आणि परत जाताना मफलर विसरला. मी मफलर घेऊन मागे धावले.

"आईचा निरोप आहे," मी म्हणाले. "पहारेकऱ्याला सांग, घसा सांभाळ. आणि पुढच्या भागात एखादा बल्ब लाव."

शुक्रवार उजाडला आणि लेन्सचा पत्ता नाही. सकाळभर मी दारात. दुपारी चाचणीची वेळ झाली, तेव्हा कुठे लेन्सचा डबा हातात पडला. लेन्स फ्रेमच्या मापाने घासून बसवायच्या, आणि ते काम फक्त मामाचं.

"मामा, लवकर!"

"लवकर केलं आणि तडकली, तर दुसरी कुठून आणू? सर बाजूला."

मी फोन लावला. तो स्टुडिओच्या दाराशी उभा होता. मागे गाड्यांचा आणि पावसाचा आवाज येत होता.

"लेन्स आल्यात, पण अजून बसवायच्या आहेत… मला उशीर होणार हो. तुम्ही आत जा. कसंतरी निभावून न्या."

"नवी पानं आहेत. निभणार नाही," तो शांतपणे म्हणाला. "आत दुसरा आवाजवाला येऊन बसलाय. दिग्दर्शक म्हणतात, आत्ता ये, नाहीतर त्याला घेतो."

"अहो मग? मी येते, पळत येते, पण —"

"थांबतो मी," तो म्हणाला. "सावकाश ये."

ये म्हणाला. या नाही. ये.

मी फोन तसाच कानाला धरून उभी. मामाने मान वर करून पाहिलं. "अगं बाई, आत्ता? लांब हो, लेन्सवर पाणी पडेल!" पण त्याच्या हातांची लगबग वाढली. चष्मा माझ्या हातात ठेवताना त्याने दांड्या एकदा कानाशी उघडमीट करून पाहिल्या. "मुळीच वाजत नाही. पळ."

मी छत्री न घेताच पळाले. तो स्टुडिओच्या पायरीवर उभा होता, एक खांदा पावसात भिजलेला. मला धाप लागलेली, केस तोंडावर. मी ओढणीच्या कोरड्या टोकाने चष्मा पुसला आणि त्याच्या नाकावर चढवला, आणि नेहमीच्या सवयीने विचारलं, "कसं दिसतंय?"

तो बघत राहिला. माझ्याकडेच.

"तुझ्या गालावर तीळ आहे," तो म्हणाला.

"आधीपासूनच आहे."

"सुंदर असशील असं धरून चाललो होतो…"

"आणि?"

"कमी धरलं होतं."

मी त्याला अक्षरशः आत ढकललं.

दिग्दर्शक कपाळाला आठ्या घालून बसले होते. दुसरा आवाजवाला कोपऱ्यात, मांडीवर पानं घेऊन. "उगवलात?" दिग्दर्शक म्हणाले. "आणि हा चष्मा कधीपासून?"

"आत्तापासून," तो म्हणाला. "सर, मला जवळचं दिसत नव्हतं. लपवलं, चुकलं. आता दिसतं. एक पान वाचू द्या. मग हवं त्याला घ्या."

दिग्दर्शकांनी त्याच्याकडे पाहिलं, चष्म्याकडे पाहिलं, आणि पानं पुढे केली.

तो काचेपलीकडच्या अंधाऱ्या खोलीत गेला. छोटा दिवा, माइक आणि तो. ताईंनी मला आपल्या शेजारच्या स्टुलावर बसवलं. "चष्मेवाली तूच ना?" त्या म्हणाल्या. "बस. माझेही हात थंड पडलेत."

पडद्यावर तेच मेलेलं यान. वर्षं उलटलीत. दार उघडतं. वैमानिक आत येते, केस पिकलेले. भिंतीतला दिवा एकदा लुकलुकतो.

तो वाचायला लागला. हवेचा दाब, इंधन, तुटलेले भाग, एकाहून एक अवघड शब्द, आणि तो सरसर वाचत गेला. "डाव्या बाजूला धोका आहे," तो म्हणाला. धोका! स्वच्छ, खणखणीत धोका. ताईंनी माझा हात दाबला. कोपऱ्यातल्या माणसाने मांडीवरची पानं हळूच मिटली.

पानाच्या तळाशी एकच शब्द उरला होता. मूळ मालिकेत तिथे पहारेकरी म्हणतो, यंत्रणा सुरू झाली आहे. पण भाषांतर करणाऱ्या बाईंनी म्हणे हट्ट धरला होता. मागच्या वेळी आपला पहारेकरी ‘सावकाश ये’ म्हणाला आहे, आता ती परत आल्यावर तो यंत्रणेचं काय सांगत बसेल?

त्याने मान वर केली. नव्या चष्म्यातून काचेपलीकडे, थेट माझ्याकडे पाहिलं.

"आलीस?"

"आले," मी म्हणाले.

मनातल्या मनात म्हणाले, असं मला वाटलं होतं. पण माझं कोपर ताईंच्या समोरच्या बटणावर होतं. आतल्या खोलीशी बोलायचं बटण ते. माझा रडका, भिजलेला ‘आले’ सगळ्या स्टुडिओत घुमला.

दिग्दर्शकांनी सावकाश खुर्ची फिरवली. "बाई," ते म्हणाले, "तुमचं कोपर." मग आत पाहून म्हणाले, "आवाज तुझाच राहणार. आता हसू नको, दिवा हसत नसतो."

पण तो हसत होता. आज आवाज करून, मनमोकळा.

"ताई," तो माइकमध्ये म्हणाला, "तिला सांग ना, शेवटचं नीट ऐकू आलं नाही."

मी डोळे पुसले. या वेळी बटण मुद्दाम दाबलं, चांगलं बोटाने.

"आले," मी म्हणाले. "थांबलास ना माझ्यासाठी… म्हणून आले."